खंडाला नाव सगळ्यांत शेवटी

तुझ्या पत्रातला प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. कादंबरीसाठी तू एक खंड कल्पिला आहेस. पश्चिमेला डोंगररांग, मधून पूर्वेकडे वाहणारी मोठी नदी. पूर्वेच्या समुद्रातून ४० जहाजं येतात, त्यांतून २,००० माणसं एका ओसाड किनाऱ्यावर उतरतात. झारथ हा त्यांचा सरदार, म्हणून खंडाला ‘झारथेन’ नाव पडतं. १०० वर्षांत तिथे तीन राज्यं उभी राहतात, प्रत्येकाकडे ५०,००० फौज. आणि शेवटी तू लिहिलंयस, “ताई, सगळं जमलंय, तरी वाचताना खोटं वाटतं. नाव बदलू का?”

नाव बदल, पण ते शेवटी. खरं दुखणं नावात नाही, ‘ओसाड’ या एका शब्दात आहे. गेली अठरा वर्षं मी काल्पनिक जगं उभी करते. आधी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या गच्चीवर मित्रमैत्रिणींच्या फाशांच्या खेळासाठी, पुढे कादंबऱ्यांसाठी आणि गेमसाठी. एवढ्या वर्षांत ज्या जगांनी माझा हात धरून मला पुढे नेलं, त्यांतलं एकही ओसाड भूमीवर सुरू झालं नव्हतं.

आधी हिशेब करू, कारण तुझेच आकडे तुझ्याविरुद्ध साक्ष देतात. जमीन मोकळी, अन्न भरपूर, रोगराई कमी, असं सगळं मनासारखं धरलं तरी लोकसंख्या दुप्पट व्हायला २५ वर्षं लागतात. लोकसंख्येचा अभ्यासक माल्थस याने उत्तर अमेरिकेतल्या वसाहतींकडे बघून हाच आकडा धरला होता आणि तो वेग फारच मोठा आहे. त्या वेगाने तुझे २,००० लोक २५ वर्षांनी ४,००० होतील, पन्नासाव्या वर्षी ८,०००, पंचाहत्तराव्या वर्षी १६,००० आणि शंभराव्या वर्षी ३२,०००. यात म्हातारी माणसं, बाळंतिणी, रांगणारी पोरं सगळी आली. तुझी नुसती फौजच दीड लाख आहे! बैलाच्या आणि माणसाच्या बळावर शेती करणारा समाज शंभरात दोन माणसं कायमची शिपाई म्हणून पोसू शकला तरी खूप झालं. त्या मापाने दीड लाख फौजेच्या पाठीशी पाऊण कोटी रयत हवी. दर २५ वर्षांनी दुप्पट होत गेले तरी तिथपर्यंत पोचायला ३०० वर्षं लागतील, आणि तीही एकही दुष्काळ, एकही साथ न येता.

मग ही पाऊण कोटी माणसं आली कुठून? मला एकच उत्तर पटतं. ती आधीपासून तिथेच होती. तुझ्या सरदाराच्या बखरकाराने त्यांना मोजलं नाही, एवढंच. ‘आम्ही आलो तेव्हा इथे कुणी नव्हतं’ हे वाक्य जगात बहुतेक ठिकाणी मागाहून आलेल्यांनी लिहिलेलं असतं. ऑस्ट्रेलियात माणसं निदान पन्नास हजार वर्षं राहत होती, त्यांच्या शेकडो भाषा होत्या, तरी ती भूमी कुणाचीच नव्हती असं धरून राज्यकारभार चालला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती समजूत १९९२ साली जमिनीच्या हक्काच्या माबो खटल्यात मोडीत काढली. इतका काळ जे खोटं टिकू शकतं, त्यात केवढी गोष्ट दडलेली असेल बघ. तुझ्या झारथच्या दरबारातही हे वाक्य मोठ्याने म्हटलं जाऊ दे. फक्त तुला, लेखकाला, ते खोटं आहे हे माहीत हवं. ते उघडं पाडायचं काम नावांकडे सोपव.

नावं हे काम कसं करतात, ते आपल्याकडेच बघ. आपण सर्रास ‘सह्याद्री पर्वत’ म्हणतो. अद्री म्हणजेच पर्वत. आपण डोंगराला दोनदा डोंगर म्हणतो आणि कुणाला खटकत नाही, कारण बोलणाऱ्याच्या कानाला ‘अद्री’चा अर्थ उरलेला नाही. इंग्लंडात एव्हन नावाच्या नद्या आहेत. तिथल्या जुन्या ब्रिटन लोकांच्या भाषेत त्या शब्दाचा अर्थ नुसता ‘नदी’. मागाहून आलेल्यांनी विचारलं असेल, ही काय? उत्तर मिळालं, नदी. त्यांनी तेच नाव समजून टिपून घेतलं. सत्ता बदलते, देव बदलतात, भाषा बदलते. नदीचं नाव बहुधा टिकतं, कारण नवा आलेला माणूस पाण्याची वाट जुन्यालाच विचारतो.

आणि आपलं गाव, कोल्हापूर? कथा अशी की देवीने कोल्हासुराला मारलं आणि मरताना त्याने मागून घेतलं की या जागेला माझं नाव राहू दे. मला लहानपणापासून या कथेने धरून ठेवलंय. जिंकलं देवीने आणि नाव राहिलं हरलेल्याचं! शिलालेखांत याच गावाची नावं कोल्लापूर, क्षुल्लकपूर अशी दिसतात, पुराणवाले करवीर म्हणतात, आणि काही अभ्यासक कानडीतल्या ‘कोल्ल’, म्हणजे खोलगट जागा, या शब्दाशी नातं जोडतात. यातलं खरं कुठलं याचा निकाल तुला लावायचा नाही. तू एवढंच घे, की नाव आधी असतं आणि त्याचा अर्थ सांगणारी कथा पाठीमागून येते. तुझ्या खंडातल्या लोकांनाही चुकीचीच कथा माहीत असू दे आणि ती त्यांना जिवापाड प्रिय असू दे.

आता प्रत्यक्ष काम कसं करायचं ते सांगते. माझ्या एका खंडाचं उदाहरण घेते, ‘पलाड’चं. सुरुवातीला मी नकाशावर साठेक नावं एका रात्रीत टाकली होती. सगळी गोड, सगळी एकाच वळणाची. गच्चीवर खेळ सुरू झाला आणि एका मैत्रिणीने एका नदीवर बोट ठेवून विचारलं, “हे नाव कुणी ठेवलं गं?” मला उत्तर देता आलं नाही. ती नावं मी पुसली आणि तेव्हापासून हाच प्रश्न प्रत्येक नावाला विचारते. कुणी ठेवलं? कुणाला हाक मारायला? त्याआधी तिथे काय म्हणत होते?

दुसऱ्या वेळी मी नदीच्या मुखापासून सुरुवात केली. सगळ्यांत जुन्या लोकांसाठी भाषा केली नाही, पाच-सात शब्द केले. त्यांत ‘उम’ म्हणजे पाणी. त्यांच्या नद्या झाल्या तारुम, सेरुम, वाकुम. पुढे डोंगरापलीकडून गुराखी आले. त्यांना ‘उम’ कळत नव्हतं, त्यांनी आपला नदीचा शब्द मागे चिकटवला, ‘तारुमवेळ’. मग बेटांवरचे मिठाचे व्यापारी आले, त्यांच्या जिभेवर ते ‘तारमेळ’ झालं आणि ‘इथे तारू म्हणजे गलबतांचा मेळा भरायचा’ अशी कथाही तयार झाली. कथा साफ खोटी, पण बंदरावरचं प्रत्येक पोर ती सांगतं. एका नदीच्या नावात तीन लोक आले. वाचकाला मी हे कधीच समजावून सांगितलं नाही. पण वाचणाऱ्याला त्या खंडाचं वय जाणवतं.

‘पलाड’ हे नाव कुठून आलं? त्या खंडावर राहणाऱ्या कुणीच ते ठेवलं नाही. बेटांवरचे लोक खाडीपलीकडच्या किनाऱ्याला ‘पल्याड’ म्हणत, त्याचं घासून पलाड झालं. खंडावर राहणाऱ्याला खंडाचं नाव लागतच नाही. त्याला विहिरीचं नाव लागतं, खिंडीचं लागतं, शेजारच्या गावाचं लागतं. आख्ख्या भूमीला नाव देण्याची गरज दुरून बघणाऱ्याला पडते, नाहीतर नकाशा काढणाऱ्याला.

खऱ्या जगातही हेच झालं. ‘आशिया’ हे आधी आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम भागातल्या मुलखाचं नाव होतं, ‘आफ्रिका’ हा कार्थेजच्या आसपासचा रोमन प्रांत. दारातल्या अंगणाचं नाव पसरत पसरत सगळ्या शिवाराला लागलं. अमेरिकेचं नाव १५०७ साली वाल्डझेम्युलरच्या नकाशावर पहिल्यांदा छापलं गेलं. ते वेस्पुचीच्या नावावरून होतं, पण ठेवलं त्याने नव्हतं. ऑस्ट्रेलियाचा प्रकार तर आणखी निराळा. दक्षिणेला मोठी भूमी असलीच पाहिजे असं युरोपातले लोक ती दिसायच्या आधीच मानत होते. ‘दक्षिणेकडची भूमी’ हे नाव आधीच तयार होतं. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्द्याने १८१४ साली छापलेल्या पुस्तकातून ‘ऑस्ट्रेलिया’ हे रूप पुढे केलं आणि ते रुजलं. आणि आपल्या पुराणांतली सात द्वीपं आठव. जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक, पुष्कर. जांभूळ, पिंपरी, सावर, दर्भ, साग, कमळ, आणि एक पर्वत. भोवती खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा, गोड्या पाण्याचा समुद्र. इतकी मोठी कल्पना करणाऱ्यांनीही द्वीपाला सरदाराचं नाव दिलं नाही, झाडाचं दिलं! तुझ्या जहाजांना दुरून पहिल्यांदा कुठलं झाड दिसलं असेल, हे तू एकदा बसून ठरव.

सरदाराचं नाव लागतच नाही असं माझं म्हणणं नाही. लागतं, पण वसवलेल्या गावाला लागतं, आणि त्यात बहुधा नातं असतं. शाहू महाराजांनी १९१७ साली जयसिंगपूर वसवलं, ते जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटग्यांच्या नावाने. राधानगरीला मुलीचं नाव दिलं. १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी वसवली. राजाने ठेवलेलं नाव असं ओळखू येतं. ते ठरवून ठेवलेलं असतं, त्याला साल असतं, हेतू असतो. उलट मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ ही वारांची नावं लोकांच्या बोलण्यात रुळलेली. आणि गावागावांच्या मागे लागलेले खुर्द आणि बुद्रुक हे फारसी शब्द, धाकटं आणि थोरलं अशा अर्थाचे. कुठल्याही गावकऱ्याची भाषा फारसी नव्हती, दफ्तराची होती. तुझ्या तीन राज्यांपैकी एकाची दफ्तरी भाषा परकी ठेवलीस, तर तिचं असं एखादं शेपूट शंभर गावांना लागेल आणि ते राज्य बुडाल्यावरही राहील.

आता वसाहतीकडे येते. तुझ्या हस्तलिखितात सरदार किनाऱ्यावर तलवार रोवतो आणि पुढच्या प्रकरणात राजवाडा उभा आहे. मधली दहा वर्षं गायब आहेत, आणि मला वाचायची आहेत ती हीच. १७८८ साली इंग्रजांची ११ जहाजं हजारावर माणसं घेऊन सिडनीच्या खाडीत लागली. तिथली जमीन त्यांच्या पिकांना मानवली नाही. शिधा कापावा लागला, सगळी नजर पुढच्या जहाजाकडे. बरी जमीन सापडली ती खाडीच्या आत, वर. त्या जागेला त्यांनी ‘रोझ हिल’ असं आपल्याकडचं नाव दिलं, आणि १७९१ साली ते बदलून तिथल्या लोकांचं नाव पत्करलं, पॅरामाटा. तीन वर्षांत नवं नाव गेलं आणि जुनं परत आलं. तुझ्या सरदाराच्याही हातून असं एखादं नाव सुटू दे. त्याने आईच्या नावाने वसवलेली पहिली वाडी दोन पिढ्यांत लोक जुन्याच नावाने ओळखायला लागले, तर त्याला काय वाटेल? मला तर तिथे एक आख्खं प्रकरण दिसतंय.

जागा कशी निवडतात, हे मी वडिलांकडून शिकले. ते मोजणीदार होते. सुटीत मला बरोबर न्यायचे. एकदा शिरोळकडच्या एका गावात मोजणी संपल्यावर त्यांनी मला गावठाणाच्या कडेला, पडलेल्या गढीच्या कोपऱ्यावर नेलं. जमीन भुरकट, राखेसारखी. त्यांनी मूठभर माती उचलून माझ्या तळहातावर चुरली. त्यात खापराचा तुकडा निघाला, काचेच्या बांगडीची निळी कपची निघाली, कोळशाचा खडा निघाला. म्हणाले, “ही पांढरी. माणसं राहून राहून माती पांढरी होते. आणि ती बघ, पलीकडे, ती काळी. तिथं पिकवायचं, इथं राहायचं.” पांढरी आणि काळी, या दोन शब्दांत गाव कसं बसतं ते सगळं आलं. चांगल्या जमिनीवर कुणी घर बांधत नाही. घरं उंचवट्यावर, पुराच्या रेषेच्या वर. शेतं खाली गाळाच्या मळीत. नकाशावर गाव टाकताना मी आजही आधी काळी रंगवते, मग तिच्या काठावर पांढरीचा ठिपका देते.

पंचगंगेच्या काठचं ब्रह्मपुरीचं टेकाड असंच. १९४५-४६ साली सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे उत्खनन केलं, सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. तिथल्याच ब्रॉंझच्या वस्तूंत समुद्रदेव पोसायडनची छोटीशी मूर्ती आहे, टाऊन हॉलच्या संग्रहालयात ठेवलेली. जमलं तर एकदा तिच्यासमोर उभा राहा. एवढासा परक्या समुद्राचा देव, आणि समुद्र इथून घाट उतरून कितीतरी लांब! तो ज्याच्या घरात होता तो माणूस त्याला काय नावाने हाक मारत असेल? मी कुठलीही वसाहत लिहायला घेते तेव्हा तिथे नसायला हवी अशी एक वस्तू ठेवते आणि ती कुठल्या वाटेने आली ते शोधते. त्यातून बंदरं, घाट, जकातीची नाकी, लमाणांचे तांडे आपोआप उभे राहतात.

पाऊसही ठरवून घे. आपल्याकडे गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशे-सहाशे. अंतर शंभरेक किलोमीटर. भात, ऊस, ज्वारी एकाच जिल्ह्यात बसतात ती यामुळे. तुझा वारा कुठून वाहतो ते लिहिलेलं नाहीस. पूर्वेकडून वाहत असेल तर डोंगरापलीकडे, पश्चिमेला कोरडं पडणार, आणि तुझं सगळ्यांत श्रीमंत राज्य तू नेमकं तिथे ठेवलंयस.

आता माणसं कशी आणायची? जमीन दिली की माणूस येतो असं नाही. पहिली दोन-तीन वर्षं नांगरट, दगड वेचणं आणि रानडुकरं यांतच जातात. म्हणून आपल्याकडे ओस पडलेलं गाव किंवा नवी पेठ वसवायची तर सरकार कौल, म्हणजे सवलतीचा लेखी करार, देई. त्यात सारा एकदम पूर्ण बसत नसे. पहिल्या वर्षी नावापुरता, मग दरसाल थोडा चढता, असा इस्तावा ठरे. हा एक कागद तू लिहिलास तर खूप काही हाती लागेल. कोणाच्या नावाने कौल दिला, किती वर्षांचा, गुरं कुणी द्यायची, बी कुणी द्यायचं, आणि मुदतीच्या आत सरकारचा माणूस पूर्ण सारा मागायला आला तेव्हा काय झालं. पहिल्यांदा आलेले मिरासदार, म्हणजे जमिनीचे वंशपरंपरागत धनी होतात, मागून आलेले उपरी, म्हणजे बाहेरचे. दोनशे वर्षं शेजारी राहूनही उपरी तो उपरीच. तुझ्या तीन राज्यांची भांडणं सिंहासनावरून लावण्याआधी या पाणवठ्यावरच्या भांडणातून लाव.

आणि हे सगळं पहिल्या प्रकरणात इतिहास म्हणून सांगू नकोस. जमिनीवर पडलेलं दाखव. कोल्हापूरजवळच्या कसबा बीडला ओळीने वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेतायत, सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. नाव बहुतेकांवर नाही. गावातली माणसं शेंदूर लावतात, नारळ फोडतात. कुणाशी लढून मेला ते कुणाला ठाऊक नसतं. तुझ्या खंडातही असा एक दगड असू दे, आणि झारथचे वंशज ज्याला आपला पूर्वज समजून पुजतात तो खरं तर त्यांच्याशीच लढून मेलेला असू दे.

‘झारथेन’ पुसू नकोस. ते दरबाराचं नाव म्हणून ठेव. नाण्यांवर असेल, फर्मानांवर असेल, बाजारात कुणी उच्चारणार नाही. बाहेरचे व्यापारी भलतंच काही म्हणत असतील, आणि आधीपासून राहणाऱ्यांकडे आख्ख्या खंडाला शब्दच नसेल. कादंबरीचं नाव यांतलं कुठलं ठेवायचं, ते तुला दुसऱ्या खर्ड्यानंतर आपोआप कळेल.

पुढच्या पत्रात मला राजांच्या वंशावळी नकोत. नदीच्या मुखाशी जे पहिलं गाव बसलं, त्याच्या शिवारातल्या पाच शेतांची नावं पाठव, आणि प्रत्येक नाव कुणाच्या तोंडचं आहे ते. शिवाय त्या ४० जहाजांचं लाकूड पहिल्या पावसाळ्यात कुठे गेलं, घरांना की चुलीला, तेही लिही.